वेल्डरचा मुखवटा: एका ढालीचा इतिहास

मनुष्याच्या हत्यारांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्याच्या ढालींचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. तोफ प्रथम कोणी ओतली, नांगराचा फाळ लांकडाचा होता तो लोखंडाचा केव्हां झाला, हें आपणांस ग्रंथांत सांपडतें. परंतु ती तोफ ओतणाऱ्यानें आपले डोळे कशानें राखले, हा प्रश्न ग्रंथकारांस सहसा सुचत नाहीं. ज्या वस्तूनें काम होतें तिला मान, आणि ज्या वस्तूनें काम करणारा वांचतो ती अडगळ, ही आपली जुनी खोड आहे. अशाच एका उपेक्षित वस्तूचा इतिहास सांगण्याचें आम्ही येथें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे वेल्डिंग करणाराचा मुखवटा, आणि विशेषेंकरून ज्याची कांच ठिणगी पडतांक्षणीं आपोआप काळी होते तो नवा मुखवटा. विषय कोणास रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरांत हें मासिक वाचलें जात असेल त्या घराच्या खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचा कठडा आणि अंगणाचें फाटक हीं सर्व कोणीतरी अशाच मुखवट्याआडून, किंवा त्याच्यावांचून, सांधलेलीं आहेत. तेव्हां हा विषय दिसतो तितका परका नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, लोणार तालुक्यांत, मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या वाटेवर सुलतानपूर हें गांव आहे. लोणारचें सरोवर पाहण्यास जाणारे प्रवासी या गांवावरून जातात. रेल्वे या जिल्ह्याच्या उत्तरेस, मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूनें गेली. कापसाच्या गिरण्या व यंत्रें यांची वस्तीहि आधीं तिकडेच झाली. दक्षिणेकडील मेहकर-लोणारच्या पठारावर यंत्रें आलीं तीं रस्त्यानें, ट्रॅक्टरच्या व वीजपंपाच्या रूपानें. जेथें ट्रॅक्टर आला तेथें त्याच्या मागोमाग ट्रॉली आली, पेरणीयंत्र आलें, पत्र्याच्या शेडची लोखंडी कैची आली. आणि हें सर्व मोडतें म्हणून तें सांधणाराहि आला. आज अशा गांवाच्या हमरस्त्याला वेल्डिंगचें एखाददुसरें दुकान असावयाचेंच. या कामास मराठी शब्द योजण्याचे यत्न झाले आहेत. परंतु खेड्यांतील माणूस ‘वेल्डिंग मारणें’ असेंच म्हणतो, आणि आम्हीहि तोच शब्द पत्करतों.

हें दुकान उघडणारा मनुष्य ज्या परंपरेचा वारस आहे ती मात्र ट्रॅक्टरहून फार जुनी आहे. विदर्भांत लोखंडाचें काम अडीच हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलें आहे. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें १९७८ सालापासून झालेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. पुढें गांवगाड्यांत लोहार हा बलुतेदार झाला. दोन तुकडे सांधावयाचे तर तो ते भात्याच्या वाऱ्यानें पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवी, सांध्यावर रेती किंवा टांकणखार टाकी, आणि घणाखालीं ते एकजीव करी. बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच सांधली जात असे. या कामांत लोहाराचा डोळा हाच त्याचा उष्णतामापक होता. लोखंड लाल झालें, केशरी झालें, पिवळें झालें, पांढरें झालें, हे सर्व ताव तो नुसत्या नजरेनें ओळखी. भट्टीकडे पाहणें हेंच त्याचें ज्ञान होतें, आणि भट्टीचा प्रकाश तीव्र असला तरी डोळ्यास पाहवत होता. ती धग जन्मभर सोसून उतारवयांत मोतीबिंदु लौकर येई हें खरें. पण तें नुकसान इतकें सावकाश होई कीं त्याचा दोष भट्टीस न देतां वयासच दिला जाई.

विजेनें ही स्थिति एकदम पालटली. येथें इतिहासांतील एक चमत्कारिक योगायोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें तांबड्या रंगापलीकडील अदृश्य उष्ण किरण शोधून काढले. पुढच्याच वर्षीं, १८०१ सालीं, रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें जांभळ्यापलीकडील किरणांचा शोध लाविला. आणि १८०२ सालीं रशियांत पेत्रोव यानें दोन कोळशांच्या टोकांमध्यें विजेचा अखंड झोत पेटविला. म्हणजे ज्या झोतानें पुढें लाखों लोकांचे डोळे दुखावले तो झोत, आणि ज्या दोन प्रकारच्या किरणांनीं ते दुखावले ते किरण, हीं तिन्ही तीन वर्षांच्या आंत मनुष्यास सांपडलीं. परंतु त्यांचा परस्परांशीं संबंध जुळविण्यास जवळजवळ सारें शतक जावें लागलें. १८५८ सालीं फ्रेंच वैद्य शार्को यानें विजेच्या प्रकाशानें प्रयोग करणाऱ्यांच्या तोंडाची कातडी व डोळे कसे भाजून निघाले याची हकीकत प्रसिद्ध केली. १८८९ सालीं स्वीडनमधील विडमार्क यानें ही पीडा जांभळ्यापलीकडील किरणांमुळें होते हें दाखवून दिलें.

परंतु शास्त्रज्ञ कारण शोधीत होते तोंवर कारखानदार थांबले नव्हते. १८८५ सालीं बेनार्दोस या रशियन गृहस्थानें कोळशाच्या कांडीनें विजेचा झोत पेटवून लोखंड सांधण्याचें पेटंट मिळविलें. १८८८ सालीं स्लाव्यानोव यानें कोळशाऐवजीं धातूचीच कांडी वापरली; ती स्वतः वितळून सांध्यांत उतरे. १९०४ सालीं स्वीडनमध्यें ऑस्कर शेलबर्ग यानें आपली कंपनी काढली आणि कांडीवर लेप देण्याची युक्ति सिद्ध केली. सुलतानपूरच्या दुकानांत आज ज्यास ‘रॉड’ म्हणतात तो लेप दिलेला रॉड याच घराण्यांतला आहे. १९२० सालीं इंग्लंडांत ‘फुलगार’ हें एकहि रिव्हेट नसलेलें, सगळें वेल्डिंगनें सांधलेलें जहाज पाण्यांत उतरलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें २७०० हून अधिक लिबर्टी जहाजें याच रीतीनें बांधलीं. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेहि हा उद्योग रुजला. १९५१ सालीं मुंबईस अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली आणि रॉड व यंत्रें देशांत होऊं लागलीं. पुढें यंत्रें लहान व स्वस्त होत गेलीं, आणि जें काम एके काळीं गोदींत होई तें तालुक्याच्या रस्त्यावर होऊं लागलें.

आतां ढालीकडे वळूं. विजेच्या झोताचा प्रकाश उघड्या डोळ्यानें घेतला तर त्या क्षणीं कांहींच होत नाहीं, आणि हेंच त्याचें कपट आहे. दिवस काम करण्यांत जातो. सहा ते बारा तासांनीं, बहुधा मध्यरात्रीं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वेदना सुरू होते, पाणी वाहतें, उजेड सोसवत नाहीं. बुबुळाच्या बाहेरचा पातळ पडदा भाजलेला असतो. घरोघर यावर बटाट्याचे काप, दूध, गुलाबपाणी असे उपाय चालतात. एकदोन दिवसांत पडदा भरून येतो, म्हणून उपायाची कीर्ति वाढते. वस्तुतः तो आपोआप भरून आलेला असतो, आणि अशा डोळ्यांत दूध घालणें म्हणजे जखमेंत घाण घालणें होय. अशा वेळीं नेत्रवैद्याकडे जावें हेंच खरें. याखेरीज निळ्या प्रकाशानें डोळ्याच्या आंतील पडद्यास होणारी इजा व उष्ण किरणांनीं होणारा मोतीबिंदु हीं तर भरून येत नाहींत. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें वेल्डिंगचा धूर व त्यांतील जांभळ्यापलीकडील किरण या दोहोंसहि मनुष्यांत निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या कारणांच्या वर्गांत घातलें. तेव्हां ‘सवय झाली कीं कांहीं होत नाहीं’ हें दुकानांत ऐकूं येणारें वाक्य खरें नाहीं. सवय मनास होते, डोळ्यास होत नाहीं.

डोळ्यांसाठीं कांच बनविण्याचें शास्त्र भट्टीपाशींच जन्मास आलें. कांचकारखान्यांतील कामगारांस अकालीं मोतीबिंदु होतो म्हणून इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनें चौकशी आरंभिली, आणि तींत विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानें निरनिराळ्या धातूंचे क्षार मिसळून शेंकडों प्रकारच्या कांचा करून पाहिल्या. १९१३ सालीं त्यानें आपले निष्कर्ष मांडले. दिसणारा प्रकाश पुरेसा आंत यावा आणि अदृश्य किरण मात्र अडावेत, हा त्याचा शोध होता. कांच किती काळी आहे याहून ती काय अडविते हें महत्त्वाचें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे. परंतु अजूनहि कित्येक लोक साध्या उन्हाच्या चष्म्यानें किंवा एकावर एक ठेवलेल्या रंगीत कांचांनीं वेल्डिंग पाहतात. दिसणारा उजेड मंद झाला म्हणजे बाहुली विस्फारते, आणि न अडलेले अदृश्य किरण अधिकच आंत शिरतात. ही ढाल नसण्याहून वाईट.

पुढें कांचांस क्रमांक ठरले. या क्रमांकांचें गणित साधें पण उद्‌बोधक आहे. तीन क्रमांकाची कांच दृश्य प्रकाशाचा सुमारें सातवा हिस्सा आंत सोडते. दहा क्रमांकाची सुमारें सात हजारांत एक हिस्सा. अकरा क्रमांकाची एकोणीस हजारांत एक. आणि ग्रहण पाहण्यासाठीं जी योग्य मानतात ती चौदा क्रमांकाची कांच पावणेचार लाखांत एक. म्हणजे क्रमांक एकानें वाढला कीं प्रकाश अडीच पटींहून अधिक घटतो. गॅसच्या वेल्डिंगला चार ते आठ क्रमांक पुरतात. विजेच्या झोताला प्रवाहाप्रमाणें बहुधा नऊ ते तेरा लागतात.

याच गणितांत जुन्या मुखवट्याची सारी अडचण सांठवलेली आहे. अकरा क्रमांकाच्या कांचेंतून झोत स्पष्ट दिसतो, पण झोत पेटण्यापूर्वीं कांहींच दिसत नाहीं. रॉडचें टोक नेमकें सांध्यावर ठेवावयाचें तर मुखवटा वर हवा. झोत पेटतांच तो खालीं हवा. हातांत धरावयाचा मुखवटा असला तर एक हात त्यांतच गुंतला, मग लोखंड धरावयाचें कशानें? डोक्यावरचा असला तर प्रत्येक टांक्याला मान झटकून तो खालीं पाडावा लागतो; झटक्यासरशी हात हलतो आणि टांका भलतीकडे पडतो. दिवसांतून शेंकडों टांके मारणारा मनुष्य यावर जो उपाय काढतो तो सर्वांस ठाऊक आहे: डोळे मिटून, तोंड फिरवून, अदमासानें टांका मारणें. आळस किंवा अज्ञान हें याचें कारण आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. नीट पाहावें कीं सुरक्षित राहावें, असा पेंच त्या ढालीनेंच त्याच्यापुढें टाकला होता. आणि पोट कामाच्या सफाईवर चालत असल्यामुळें त्यानें पाहणें पत्करलें.

हा पेंच सोडविला तो अगदीं निराळ्या दिशेनें आलेल्या एका शोधानें. १८८८ सालीं, म्हणजे स्लाव्यानोव धातूच्या रॉडनें लोखंड सांधीत होता त्याच वर्षीं, प्रागमध्यें राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास गाजरांतून काढलेल्या एका पदार्थाचें वितळणें चमत्कारिक दिसलें. तो घन व द्रव यांच्या मधल्याच एका अवस्थेंत राहत होता. यांस पुढें द्रवस्फटिक असें नांव पडलें. ऐंशी वर्षें ही केवळ प्रयोगशाळेंतील नवलाई होती. १९७० च्या सुमारास मात्र असें दिसून आलें कीं, हा पदार्थ दोन कांचांमध्यें पिळून बसविला आणि पुढेंमागें प्रकाश गाळणारे पापुद्रे लाविले, तर विजेच्या किंचित् दाबानें तो प्रकाश सोडूं किंवा अडवूं शकतो. हातांतल्या घड्याळाचे काळे आंकडे याच युक्तीनें उमटतात. १९८१ सालीं स्वीडनच्या ओके हॉर्नेल यानें ही युक्ति वेल्डरच्या मुखवट्यांत बसविली, आणि ‘स्पीडग्लास’ या नांवानें आपोआप काळी होणारी कांच बाजारांत आली.

या कांचेची रचना समजून घेतल्यावांचून ती निवडतां येणार नाहीं. झोत नसतांना ती तीन किंवा चार क्रमांकाइतकीच काळी असते. तिच्यांतून काम दिसतें. कपाळाजवळ प्रकाश ओळखणारे लहानसे डोळे बसविलेले असतात. झोत पेटतांच ते द्रवस्फटिकाला वीज देतात, आणि कांच चांगल्या मुखवट्यांत सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या हिश्श्यांत काळी होते. पापणी मिटण्यास याच्या हजारों पट वेळ लागतो. येथें एक प्रश्न प्रत्येक जुना कारागीर विचारतो, आणि तो रास्त आहे: बॅटरी संपली तर? कांच काळी झालीच नाहीं तर? याचें उत्तर असें कीं, प्रमाणित मुखवट्यांत अदृश्य किरण अडविण्याचें काम द्रवस्फटिकाकडे नसतेंच. तें पुढच्या कांचेवरील कायमच्या लेपाकडे असतें. बॅटरी मेली तरी जांभळ्यापलीकडील व तांबड्यापलीकडील किरण अडतात. डोळे दिपतात, आणि तेव्हां काम थांबवावें, पण रात्रीं वाळू भरत नाहीं. म्हणजे क्रुक्सचा धडा येथेंहि लागू आहे: काळेपणा हा सोयीचा भाग, आणि न दिसणारी गाळणी हा रक्षणाचा भाग.

परंतु हा कायमचा लेप डोळ्यांस दिसत नाहीं, आणि म्हणूनच स्वस्ताईचा डल्ला प्रथम त्याच्यावर पडूं शकतो. आज आपोआप काळे होणारे मुखवटे हजार-दीड हजार रुपयांपासून तीसचाळीस हजारांपर्यंत मिळतात. दुकानांत दोन्ही सारखेच काळे होतात. फरक आहे तो न दिसणाऱ्या गोष्टींत. मग ज्याच्या खिशांत मध्यम पैका आहे त्यानें काय पाहावें? लहानशा दुकानास उपयोगी पडावें म्हणून आम्ही तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट प्रमाणाची. मुखवट्याच्या रंगीत खोक्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष कांचेच्या पेटीवर बनविणाराचें नांव, क्रमांकांची मर्यादा आणि कोणत्या मानकाप्रमाणें ती तपासली तें छापलेलें असावें. आपल्याकडे वेल्डिंगच्या मुखवट्यांसाठीं ११७९ क्रमांकाचें भारतीय मानक १९६७ सालीं ठरलें. युरोपचीं व अमेरिकेचीं मानकें निराळीं आहेत. यांपैकीं कशाचाच उल्लेख नसेल तर तो मुखवटा फुकट मिळाला तरी घेऊं नये. आणि पैसे अगदींच कमी असतील तर अप्रमाणित आपोआप मुखवट्यापेक्षां खऱ्या प्रमाणाची साधी काळी कांच शंभर पटींनीं बरी, हें आम्ही स्पष्ट सांगतों. ती गैरसोयीची आहे, पण खोटी नाहीं.

दुसरी गोष्ट कांचेच्या स्वच्छतेची. युरोपच्या ३७९ क्रमांकाच्या मानकानें चार आंकड्यांची एक खूण रूढ केली. पहिला आंकडा कांचेंतून वस्तु वेडीवांकडी दिसते का हें सांगतो. दुसरा, धुकट दिसते का. तिसरा, काळेपणा सर्वत्र सारखा आहे का. चौथा, तिरकें पाहिलें असतां तो बदलतो का. एक हा उत्तम, तीन हा कनिष्ठ. चारहि एक असलेली कांच महाग पडते. परंतु पहिले आंकडे एक व शेवटचा दोन अशी कांच मध्यम किंमतींत मिळते, आणि रोजच्या कामास ती पुरते. संध्याकाळीं डोकें दुखणें न दुखणें पुष्कळ अंशीं या आंकड्यांवर अवलंबून असतें.

तिसरी गोष्ट क्रमांकांची. आपल्या खेड्यांतील काम बहुधा बारा नंबरच्या, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या, व दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुमाराच्या रॉडनें चालतें. त्यांस सामान्यतः साठ ते एकशें तीस अँपिअर प्रवाह लागतो, आणि दहा-अकरा क्रमांकाची कांच त्याला योग्य. नऊ ते तेरा क्रमांक बदलतां येतील असा मुखवटा पातळ पत्र्यापासून जाड पट्टीपर्यंत उपयोगी पडतो, म्हणून तो घ्यावा. मात्र रॉडचा नंबर आणि कांचेचा नंबर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रॉडचा नंबर वाढला कीं तो बारीक होतो; कांचेचा वाढला कीं ती अधिक काळी होते. हे दोन एकत्र करणारा नवशिका नेमकी उलटी कांच लावील.

चौथी गोष्ट प्रकाश ओळखणाऱ्या डोळ्यांची. स्वस्त मुखवट्यांत ते दोन असतात, बऱ्या मुखवट्यांत चार. टेबलावर समोर ठेवून काम करणारास दोन पुरतात; परंतु फाटकाच्या गजांत डोकें घालून किंवा ट्रॉलीखालीं निजून काम करतांना एखादा गज मध्यें येतो, एक डोळा झांकला जातो, आणि कांच ऐन झोतांत उघडते. आमच्या मतें मध्यम खर्चांत अधिक पैसा द्यावयाचा तर तो येथें द्यावा. ज्यास आरगॉनचें बारीक काम करावयाचें असेल त्यास तर याहून नाजूक डोळे लागतात, कारण तो झोत मंद असतो.

पांचवी गोष्ट टिकाऊपणाची. कित्येक मुखवट्यांवर नुसती सौर पट्टी दिसते आणि आंतली बॅटरी कायमची बंद केलेली असते. ती दोनचार वर्षांनीं मेली कीं सारा मुखवटा निकामी. बॅटरी बदलतां येईल असाच मुखवटा घ्यावा. बाहेरच्या बाजूस ठिणग्या झेलणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो खरबरीत झाला कीं उत्तम कांचहि धुकट दिसते. तो पापुद्रा मेहकर किंवा जालन्याच्या बाजारांत सुटा मिळतो का, हें आधीं विचारावें. घेतांना दहापांच एकदमच घ्यावेत. खर्च क्षुल्लक आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत मुखवटा पत्र्याखालीं किंवा उन्हांत टाकूं नये. द्रवस्फटिकास फार उष्णता सोसत नाहीं. ग्राइंडरचेंहि काम होत असेल तर त्यासाठीं कांच उजळ ठेवण्याची सोय असावी. पण ती सोय पुन्हां वेल्डिंगवर आणण्यास विसरणें घातक, हें भिंतीवर लिहून ठेवावें.

आणि पैसा कशावर खर्चूं नये? कवटीच्या व ज्वाळांच्या चित्रांवर, चकचकीत रंगावर आणि खिडकी भिंतीएवढी मोठी आहे या बढाईवर. अशा विवेकानें पाहिलें तर तीन ते सहा हजार रुपयांच्या दरम्यान विश्वासाचा मुखवटा सामान्यतः मिळूं शकतो. घेण्यापूर्वीं दुकानदारास गोड बोलून तो प्रत्यक्ष यंत्रावर लावून पाहावा: दहावीस टांके मारावेत, मान डावीउजवीकडे कलती करावी, काळेपणा सारखा राहतो का आणि कांच मध्येंच उघडते का हें पाहावें. कारागिराच्या पांच मिनिटांच्या परीक्षेपुढें जाहिरातीचीं दहा पानें फिकीं आहेत.

येथवर आम्ही खरेदीचा विचार केला. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें याहून मोठा प्रश्न असा कीं, ही खरेदी त्या एकट्या मनुष्यावर कां पडली? १९४८ च्या कारखाना-कायद्याच्या ३५ व्या कलमानें, कामगाराच्या डोळ्यांस उडणाऱ्या कणांपासून किंवा अति प्रकाशापासून धोका असेल तेथें पडदे किंवा योग्य चष्मे पुरविण्याचा भार मालकावर टाकला होता. तें कलम चांगलें होतें. परंतु त्या कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणें विजेवर चालणाऱ्या जागीं दहा माणसें असलीं तरच तो कारखाना. २०२० च्या नव्या संहितेनें ती संख्या वीसवर नेली. सुलतानपूरसारख्या गांवच्या दुकानांत माणसें असतात दोन, फार तर तीन: एक मालक व त्याचे मदतनीस. जहाजाच्या गोदींतला झोत आणि या दुकानांतला झोत एकच. पण कायद्याची ढाल गोदीच्या फाटकाशींच थांबते. आपल्या देशांत किती डोळे त्या फाटकाच्या आंत आहेत आणि किती बाहेर, हें रस्त्यानें जातां जातांहि कोणास मोजतां येईल.

शिवाय त्या दुकानांत मुखवटा एक असतो आणि डोळे अनेक. लोखंड धरून उभा असलेला पोरगा, शेजारीं चहा घेणारा शेतकरी, फाटक कधीं होईल हें विचारण्यास आलेलें गिऱ्हाईक, आणि ‘निळा उजेड’ पाहण्यास थांबलेलीं शाळेंतलीं मुलें या सर्वांच्या डोळ्यांवर तोच प्रकाश पडतो. धरणाऱ्या मदतनीसास दुसरा मुखवटा, तो साधा असला तरी चालेल, आणि रस्त्याच्या बाजूस जाड ताडपत्रीचा आडोसा, इतकें केलें तरी पुष्कळ साधेल. आपल्या मुलांस त्या उजेडाकडे पाहूं नये असें सांगण्यास तर खर्चहि नाहीं.

लोहाराची विद्या डोळ्यांत होती. विजेनें ती विद्याच धोक्याची केली, आणि शंभर वर्षें कारागिरास पाहणें व वांचणें यांत निवड करावी लागली. आतां प्रथमच अशी ढाल हातीं आली आहे कीं जी ही निवड करावयास लावीत नाहीं. तिची किंमत एका बऱ्या लोखंडी फाटकाहूनहि कमी आहे. कायदा तिथवर पोंचेल तेव्हां पोंचो; पण पुढल्या खेपेस फाटक करवितांना घासाघीस करण्यापूर्वीं आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनीं काम करणाऱ्याच्या तोंडावर काय आहे तें पाहावें, मुखवटा नसला तर त्याविषयीं विचारावें, आणि दोनशें रुपये कमी करून घेण्याचा आग्रह त्या दिवशीं सोडावा. ज्या डोळ्यांनीं आपलें घर सांधलें ते डोळे राखण्याचा कांहीं भार त्या घरानेंहि उचलणें न्याय्य आहे.